तुळशीच्या तेलग्रंथी आणि कोकणची हवा : सुगंधी तुळस पिकवू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शन

तुळशीचा वास पानाच्या त्वचेवर वाढलेल्या सूक्ष्म तेलग्रंथींमध्ये साठलेला असतो. पाने, कोवळी खोडे आणि मंजिरीतील फुलांचे हिरवे पुष्पकोश या सर्वांवर या ग्रंथी असतात आणि हात लागून त्यांच्यावरचा पातळ पापुद्रा फुटला की आतले तेल बाहेर येते. चहासाठी, काढ्यासाठी, वाळवून विकण्यासाठी किंवा अर्क काढण्यासाठी तुळस लावणाऱ्याचे खरे पीक म्हणजे हे तेल होय. ताज्या पानाच्या वजनात त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, पण पानाचा स्वाद आणि मालाची प्रत त्यावरच ठरते. कोकणात तुळशीवाचून अंगण सहसा नसते, आणि तरीही वासाने भरलेली तुळस शेतात पिकवणे इथे वाटते तितके सोपे नाही. चार महिन्यांचा पाऊस, दमट हवा, खारे वारे आणि जांभी माती यांपैकी प्रत्येक गोष्ट या ग्रंथींवर आपला परिणाम करत असते. तो परिणाम ओळखून लागवडीची प्रत्येक पायरी कशी आखावी, हे या लेखात सांगितले आहे.

आधी ग्रंथी पाहायला शिकावे

लागवडीपूर्वी एक भिंग विकत घ्यावे, असा माझा आग्रह आहे. सोनार वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग सुरुवातीला पुरते. अंगणातल्या तुळशीचे शेंड्याजवळचे एक कोवळे पान तोडून ते उन्हात तिरपे धरावे आणि खालची बाजू भिंगातून पाहावी. शिरांच्या मधल्या खोलगट भागात चकाकणारे बारीक ठिपके दिसतील. त्या तेलग्रंथी. तुळशीवर त्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार छत्रीसारख्या चपट्या ग्रंथींचा असून त्यांचे डोके चार पेशींचे बनलेले असते. सर्वाधिक तेल यांच्यातच साठते. दुसरा प्रकार बारीक देठावर छोटी मुंडी असलेल्या ग्रंथींचा आहे आणि त्यांत तेल फार थोडे असते. चार पेशींची ती रचना पाहायची असेल, तर चाळीस ते साठपट मोठे दाखवणारे यंत्र लागते. त्यांच्यासोबत दिसणारे लांब टोकदार केस तेल बनवत नाहीत. नवख्या माणसाने त्यांना ग्रंथी समजू नये.

मोठ्या ग्रंथीची रुंदी सुमारे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते. डोक्यातील पेशी तेल तयार करतात आणि त्या पेशी व वरचा मेणकट पापुद्रा यांच्यामधल्या पोकळीत ते साठते. ग्रंथी भरत जाते तसा पापुद्रा फुगतो. म्हणून निरोगी, भरलेली ग्रंथी गोल, पारदर्शक आणि चकचकीत दिसते. रिकामी झालेली किंवा जुनी ग्रंथी बसकी, सुरकुतलेली आणि पिवळसर ते तपकिरी दिसते. ही दोन रूपे एकदा डोळ्यांत बसली की पुढे लागवडीत काय चुकते आहे, हे पान स्वतःच दाखवू लागते.

या शास्त्रातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. मोठ्या तेलग्रंथी पान अगदी कोवळे, कळीत मिटलेले असतानाच बहुतांशी तयार होतात. नंतर पान पसरते आणि त्याच ग्रंथी एकमेकींपासून दूर जातात. त्यामुळे मोठ्या, रुंद झालेल्या पानावर ग्रंथी विरळ दिसतात आणि शेंड्याच्या पानावर दाट दिसतात. याचा अर्थ असा की पान उलगडल्यानंतर केलेल्या खतपाण्याने त्या पानावरच्या ग्रंथींच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. त्या ग्रंथी भराव्यात आणि फुटू नयेत, एवढेच नंतर आपल्या हाती उरते.

अशा ग्रंथींविषयी माहिती शोधणाऱ्याला गांजाच्या वनस्पतीचा उल्लेख वारंवार आढळेल, म्हणून इथे थोडे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. त्या झाडाच्या मादी फुलांवर देठावर उभ्या असलेल्या राळग्रंथी असतात आणि त्यांतही पेशी व पापुद्रा यांच्यामधल्या पोकळीतच स्राव साठतो. कॅरिओफायलीन हा लवंग आणि मिऱ्यात आढळणारा सुगंधी घटक तुळशीतही असतो आणि त्या झाडातही असतो. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार शासकीय परवान्याशिवाय त्या झाडाची लागवड करणे हा गुन्हा आहे. परसात एकच रोप लावले तरी तो गुन्हाच ठरतो. ग्रंथींचे शास्त्र शिकण्यासाठी आणि त्यावर उत्पन्न मिळवण्यासाठी तुळस पुरेशी आहे.

जात आणि बी

पांढरट हिरव्या पानांची राम तुळस आणि जांभळट खोडाची कृष्ण तुळस या एकाच वनस्पतीच्या दोन जाती आहेत. दोहोंत लवंगेचा वास देणारे युजेनॉल कमीअधिक प्रमाणात असते. रान तुळस, कापूर तुळस आणि सब्जा या वेगळ्या वनस्पती असून त्यांच्या तेलाचा वासही वेगळा आहे. वाळवलेल्या मालात त्यांची सरमिसळ झाली की प्रत घसरते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘सिम-आयु’ हे युजेनॉल अधिक असलेले वाण विकसित केले आहे. तेल काढण्याचा विचार असेल तर असे ओळखीचे वाण घ्यावे. घरगुती वापरासाठी आणि थोड्या विक्रीसाठी आपल्याच वाडीतली वासाला तिखट असलेली तुळस शोधून तिचे बी धरणे मला अधिक योग्य वाटते, कारण ती इथल्या मातीत आणि वाऱ्यात पिढ्यान्पिढ्या तगलेली असते. निवड करताना पाच-सहा घरांच्या तुळशीची शेंड्याची पाने एकाच सकाळी भिंगातून पाहावीत. ज्या झाडावर ठिपके दाट आणि फुगलेले दिसतात, त्याच्या वाळलेल्या मंजिऱ्या घ्याव्यात.

हंगामाची निवड

नवोदितांच्या सर्वाधिक चुका या पायरीवर होतात. तुळशीविषयीची बरीच माहितीपत्रके उत्तर भारतातील हवामान समोर ठेवून लिहिलेली असतात. त्यांत एप्रिल-मे महिन्यांत रोपवाटिका, जून-जुलैमध्ये पावसाबरोबर लावणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी असे वेळापत्रक दिलेले असते. उत्तरेच्या मैदानात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे ते योग्यच आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. जुलैत आठवडाच्या आठवडा मळभ असते, पाने सतत ओली राहतात आणि मुळांना हवा मिळत नाही. अशा दिवसांत वाढलेल्या तुळशीची पाने मोठी, पातळ आणि पाणचट होतात. भिंगाखाली ग्रंथी दिसतात, पण अर्धवट भरलेल्या. ढगांमुळे ऊन कमी मिळाले, की झाडाकडे तेल बनवण्यासाठी लागणारी साखरही कमी तयार होते.

म्हणून कोकणात सुगंधासाठी तुळस घ्यायची असेल, तर ती पावसाच्या शेवटाकडे सुरू करावी आणि वायंगणी म्हणजे पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या पिकासारखी हिवाळ्यात वाढवावी. ऑगस्टच्या उत्तरार्धात आडोशाखाली बी पेरावे, सुमारे सहा आठवड्यांनी म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोपे शेतात लावावीत आणि लावणीपासून तीन महिन्यांनी, जानेवारीच्या आरंभी, पहिली कापणी करावी. या वेळापत्रकात झाडाची जोमाची वाढ ऑक्टोबरच्या कडक उन्हात होते आणि मंजिऱ्या डिसेंबरच्या निरभ्र, कोरड्या दिवसांत येतात. नोव्हेंबरनंतर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे पानांवरचे दव लवकर सुकवतात, हा आणखी एक फायदा. दिवसाचे तापमान पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास असताना तुळशीच्या कुळातील झाडे तेल चांगले बनवतात. ते फार खाली गेले तर तेल कमी बनते. किनाऱ्यावर तशी थंडी पडत नाही; सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत मात्र जानेवारीतल्या रात्री वाढ मंदावते आणि कापणी आठ-दहा दिवस पुढे ढकलावी लागते.

रोपवाटिका

बी फार बारीक असते, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून गादीवाफ्यावर ओळींत पेरावे आणि वरून चाळलेल्या शेणखताचा अगदी पातळ थर द्यावा. आठ ते बारा दिवसांत उगवण होते. ऑगस्टात पावसाच्या सरी अजून जोरदार असतात, त्यामुळे वाफ्यावर प्लास्टिकचा उतरता मांडव हवाच. मात्र त्याच्या चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. बाजू बंद केल्या की आत वाफ कोंडते आणि रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. रोपांना चार-पाच पाने आली की मांडव दररोज थोडा वेळ काढून त्यांना थेट उन्हाची सवय लावावी.

ऊन

ग्रंथी भरण्यासाठी लागणाऱ्या सर्व गोष्टींत मी उन्हाला पहिले स्थान देतो. जागा निवडताना सकाळपासून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच निवडावी. अलिबाग, श्रीवर्धन, गुहागर या पट्ट्यांत नारळ-पोफळीच्या आगरांत आंतरपीक म्हणून तुळस लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे पाटाचे पाणी आणि सुपीक जमीन आयती असते. आगराच्या सावलीत तुळस उंच वाढते आणि तिला पानेही भरपूर येतात, पण ती पाने सावलीतून प्रकाश टिपण्यासाठी रुंद आणि पातळ झालेली असतात, त्यामुळे चौरस सेंटिमीटरमागे ग्रंथी कमी पडतात. जायफळ, मिरी यांना ती सावली मानवते. तुळशीसाठी आगराच्या कडेची, दक्षिणेला उघडी असलेली पट्टी तेवढी राखावी.

उन्हाचा आणखी एक भाग महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘बी’ प्रकारची किरणे तुळशीच्या कुळात ग्रंथी पूर्ण भरण्यासाठी आवश्यक असल्याचे सब्जाच्या झाडांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. ही किरणे न मिळालेल्या झाडांवर ग्रंथी असतात, पण त्यांची तेलाची पोकळी नीट फुगत नाही. खिडकीची काच ही किरणे जवळजवळ पूर्ण अडवते आणि हरितगृहांवरचे अनेक प्लास्टिक कागदही ती मोठ्या प्रमाणात अडवतात. मुंबईच्या सदनिकेत काचेच्या खिडकीआड ठेवलेली तुळस हिरवीगार असूनही वासाला मंद का असते, याचे एक मोठे कारण हेच आहे. त्यामुळे रोपवाटिकेतला मांडव लावणीनंतर शेतात नेऊ नये आणि कुंडी असेल तर ती काचेबाहेर, गजांच्या कट्ट्यावर ठेवावी. लावणीनंतरचे पहिले चार-पाच दिवस रोपे सावरेपर्यंत नारळाच्या झावळ्यांची विरळ सावली पुरेशी होते.

माती आणि खत

जांभी माती पाण्याचा निचरा चांगला करते आणि तुळशीला मुळाशी पाणी साचलेले अजिबात चालत नाही, त्यामुळे या मातीची ही बाजू आपल्या उपयोगाची आहे. तिची दुसरी बाजू अशी की ती आम्लधर्मी असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) बांधून ठेवतात, त्यामुळे मातीत असूनही स्फुरद झाडाला सहज मिळत नाही. शक्य असल्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घ्यावी आणि आम्लता फार असेल तर त्यांच्या सल्ल्याने चुना घालावा. चांगले कुजलेले शेणखत भरपूर घातले तर स्फुरदाची अडचण बरीच कमी होते. किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या म्हणजे वाळूच्या जमिनीत तर शेणखत आणि कुजवलेला पालापाचोळा यांच्याशिवाय ओल टिकतच नाही. खाजणातली, म्हणजे खाडीलगतची खारी जमीन तुळशीसाठी घेऊ नये.

नत्राच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा. युरियाने किंवा जास्त मासळीच्या खताने झाड आठवड्याभरात काळेभोर हिरवे होते, पाने भराभर पसरतात आणि शेतकऱ्याला समाधान वाटते. पण पानाचा पसारा ग्रंथींच्या मानाने वाढल्यामुळे किलोमागे तेल घटते. शिवाय अशी लुसलुशीत वाढ रस शोषणाऱ्या किडींना आवडते. लावणीपूर्वी शेणखत आणि लावणीनंतर महिन्याभराने थोडे गांडूळखत एवढे खाणे हिवाळी तुळशीला पुरते. कापणीआधीच्या महिन्यात नत्रयुक्त खत अजिबात देऊ नये.

पाणी

लावणीनंतरचे दोन-तीन आठवडे माती सतत ओलसर ठेवावी. त्यानंतर पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर हळूहळू वाढवावे. वरची दोन बोटे माती सुकली आणि त्याखाली ओल लागली, की पाणी द्यायची वेळ झाली असे समजावे. सौम्य ताण सोसणाऱ्या तुळशीच्या पानात तेलाचे प्रमाण वाढते, हे खरे आहे. परंतु त्याच ताणाने पानांची संख्या आणि आकार घटतात, त्यामुळे ताण वाढवत नेला तर एकूण तेल कमीच मिळते. कापणीपूर्वीच्या आठ-दहा दिवसांत पाणी थोडे कमी करावे, दुपारी शेंडे किंचित मलूल झाले आणि संध्याकाळी पुन्हा सावरले तर ताण योग्य आहे. सकाळीही शेंडे खाली झुकलेले दिसले तर त्याच दिवशी पाणी द्यावे. पाणी नेहमी मुळाशी द्यावे, पानांवर शिंपू नये. भाताच्या पेंढ्याचे आच्छादन बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवून पसरले, तर मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा ते फार कामाला येते.

अंगणातल्या वृंदावनात पाण्याची अडचण नेमकी उलट असते. तिथे दररोज पाणी घातले जाते, मातीला खालून वाट नसते आणि मुळे चिऱ्यांच्या चौकोनात कोंडलेली असतात. कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन रंगवण्याची आपली रीत आहे. त्याच वेळी जुनी माती काढून तळाशी विटांचे तुकडे आणि वर वाळू-शेणखत मिसळलेली जांभी माती भरली, तर वर्षभर तुळस निकोप राहते.

वारा, खार आणि धूळ

रोपांमध्ये दोन्ही बाजूंनी चाळीस ते पन्नास सेंटिमीटर अंतर ठेवावे. दाट लावणीत हवा खेळत नाही, दव दुपारपर्यंत सुकत नाही आणि पानांवर बुरशी येते. झाडे एकमेकांवर घासून ग्रंथी फुटतात, हे दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. फुटलेली ग्रंथी पुन्हा भरत नाही.

समुद्रापासून अगदी जवळच्या शेतात दुपारनंतरचे खारे वारे पानांवर मिठाचे सूक्ष्म तुषार आणून टाकतात. ते पाण्यात विरघळून पानात शिरले की पानाच्या कडा करपतात आणि करपलेल्या भागातील ग्रंथी वाळून जातात. पश्चिमेला सुरू, उंडी किंवा करंज या झाडांची रांग असेल तर तिच्या आडोशाला लागवड करावी. नसेल तर पहिल्या वर्षी विणलेल्या झावळ्यांची कमरेएवढी भिंत उभी करावी. भिंत पूर्ण बंद नसावी, कारण वाऱ्याचा वेग मोडणे हा तिचा उद्देश आहे आणि हवा मात्र खेळती राहिली पाहिजे. वादळी वारे येऊन गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने पाने धुवावीत. पानांवर पाणी घालू नये या नियमाला हा एकच अपवाद. तेल पाण्यात विरघळत नसल्यामुळे हलक्या फवाऱ्याने ग्रंथींना धोका नसतो, जोराच्या धारेने असतो.

चिरेखाणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तुळस लावू नये. जानेवारीपासून उडणारी लाल धूळ मेणकट, तेलकट पानाला चिकटते आणि धुऊनही पूर्ण निघत नाही.

कीड, रोग आणि शेजारची आमराई

तुळशीवर जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकूण येतो. तो साधारण दोन मिलिमीटर लांबीचा असून पानांच्या खालच्या बाजूस आणि मंजिऱ्यांवर घोळक्याने राहून रस शोषतो. पाने वळतात, फिकट होतात आणि खालच्या बाजूस विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. नवखा माणूस हे ठिपके म्हणजेच ग्रंथी असे समजू शकतो, म्हणून फरक सांगतो : ग्रंथी चकाकते आणि पानाच्या खोलगट भागात बसलेली असते, विष्ठेचा ठिपका मंद, काळा आणि वर उचललेला असतो. सुरुवातीला दिसलेले शेंडे खुडून जाळून टाकावेत. प्रादुर्भाव वाढला तर निंबोळी अर्क खालच्या बाजूने संध्याकाळी फवारावा, पण कापणी तीन आठवड्यांवर आली असेल तर फवारणी टाळावी, कारण निंबोळीचा उग्र वास मालाला लागतो. मार्चनंतर लाल कोळी आणि दमट दिवसांत भुरी दिसते. दोन्हींवर खरा उपाय म्हणजे योग्य अंतर आणि वेळच्या वेळी कापणी.

कोकणातला सगळ्यात गंभीर धोका मला वेगळाच वाटतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आंब्याच्या मोहराचा काळ असतो आणि तुडतुड्यांसाठी बागांत वरचेवर कीटकनाशकांची फवारणी होते. नेमक्या याच महिन्यांत आपली तुळस कापणीला येत असते. हापूसच्या बागेत मोटरपंपाने उंच उडवलेले औषध वाऱ्याबरोबर बरेच अंतर जाते आणि त्यातील तेलात विरघळणारी द्रव्ये तुळशीच्या मेणकट, तेलकट पृष्ठभागात मुरतात. ती पाण्याने धुऊन जात नाहीत. खाण्यासाठी तुळस पिकवायची असेल तर आमराईपासून दूरची जागा निवडावी, आणि ते शक्य नसेल तर बागायतदाराशी आधीच बोलून फवारणीचे दिवस विचारून घ्यावेत. या बाबतीत तडजोड करू नये, असे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण ही पाने कोणीतरी खोकल्याने बेजार झालेल्या मुलाच्या काढ्यात घालणार असते.

शेंडा खुडणे आणि मंजिऱ्या

रोप वीतभर उंच झाले की मुख्य शेंडा खुडावा. त्याने बाजूच्या फांद्या फुटतात, कोवळे शेंडे वाढतात आणि ग्रंथींनी दाट भरलेली पानेही वाढतात. पानांसाठीच तुळस लावली असेल तर मंजिऱ्या दिसताच खुडत राहाव्यात. तेलासाठी किंवा सबंध पाला वाळवण्यासाठी लावली असेल तर मंजिऱ्या राखाव्यात, कारण पुष्पकोशावरही तेलग्रंथी असतात. मात्र बी धरू लागले की झाडाची शक्ती बियांकडे वळते, नवी पाने लहान येतात आणि जुन्या पानांवरच्या ग्रंथी पिवळट पडून बसू लागतात. भिंगाने दर तीन दिवसांनी पाहत राहिल्यास हा बदल सहज पकडता येतो.

कापणी

पूर्ण फुलोरा आणि खालच्या मंजिऱ्यांत बी नुकतेच धरू लागणे, ही कापणीची वेळ. दिवस निरभ्र असावा. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबावे. दव पूर्ण सुकल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, धारदार विळ्याने जमिनीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटर वर कापावे आणि खाली काही पाने असलेल्या फांद्या ठेवाव्यात, म्हणजे नवी फूट लवकर येते. बोथट विळ्याने ओढून कापले की हाताच्या दाबाने फांदीभर ग्रंथी चुरगळतात. कापताना शेतभर दरवळणारा वास मनाला आनंद देतो खरा, पण तो जितका जास्त, तितके तेल हवेत गेलेले असते.

कापलेल्या फांद्यांच्या घट्ट पेंढ्या बांधू नयेत, त्या पोत्यात दाबू नयेत आणि ढीग घालून ठेवू नयेत, कारण ढिगाच्या आत ऊब धरून पाने काळवंडतात. बांबूच्या रुंद हाऱ्यात सैल रचून लगेच सावलीत न्याव्यात. तेल काढायचे असल्यास चार-पाच तास सावलीत सुकवून जास्तीचे पाणी उडू द्यावे आणि मग भट्टीकडे न्यावे.

वाळवण

कोकणात वाळवण म्हटले की आपली नजर खळ्याकडे आणि कडक उन्हाकडे जाते. आमसुले, सांडगे आणि मासळी यांना ते मानवते, तुळशीला मानवत नाही. उन्हात पानाचे तापमान चढते, ग्रंथींतील हलके सुगंधी घटक उडून जातात आणि रंगही जातो. माळ्यावर किंवा पडवीत, वारा खेळेल पण ऊन येणार नाही अशा ठिकाणी, बांबूच्या तट्ट्यांवर पातळ थर पसरावा आणि तो दिवसातून एकदा हलक्या हाताने परतावा. सुमारे आठ ते दहा दिवसांत पान बोटांत कुरकुरीत तुटू लागते. तापमान चाळीस अंशांच्या वर जाऊ नये. पत्र्याच्या छपराखाली दुपारी ते सहज जाते, म्हणून तिथे वाळवण घालू नये. पाने देठांपासून ओरबाडून न काढता फांदी हळूच झटकून पाडावीत आणि शक्य तितकी अखंड ठेवावीत. वाळलेल्या पानावरही ग्रंथी शाबूत असतात आणि पान मोडले की त्या उघड्या पडतात.

साठवणीसाठी काचेच्या बरण्या किंवा घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे वापरावेत आणि ते अंधाऱ्या, थंड जागी ठेवावेत. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांतून वास हळूहळू निघून जातो. जूनमध्ये पाऊस लागला की हवेतील ओल उघड्या डब्यात शिरून पाने मऊ पडतात आणि बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यापूर्वीच माल लहान डब्यांत विभागून ठेवावा, म्हणजे एक डबा उघडला तरी बाकीचे बंद राहतात.

पुढच्या कापण्या

पहिल्या कापणीनंतर लगेच हलके पाणी आणि मूठभर गांडूळखत द्यावे. सुमारे सत्तर दिवसांनी, मार्चच्या मध्यास, दुसरी कापणी मिळते. त्या वेळी हवा तापलेली असते, म्हणून कापणी दव सुकताच, सकाळी लवकर उरकावी. मुबलक पाणी असलेल्यांना मेच्या उत्तरार्धात, वळवाच्या सरी सुरू होण्यापूर्वी, तिसरी कापणीही घेता येते. विहीर आटत असेल तर तिच्यामागे लागू नये. दुसऱ्या कापणीच्या वेळी भिंगाखाली सर्वांत सरस ठरलेली चार-पाच झाडे न कापता तशीच ठेवावीत, त्यांच्या मंजिऱ्या पूर्ण तपकिरी होईपर्यंत झाडावर वाळू द्याव्यात आणि त्यांचे बी कागदी पाकिटात भरून त्यावर झाडाची जागा व तारीख लिहून ठेवावी. ऑगस्टमध्ये वाफ्यात तेच बी पेरायचे आहे.